वोत आणि हून

आम्ही मूळचे गोव्याचे. आमच्या कोंकणीत सूर्यप्रकाशाला ‘वोत’ म्हणतात आणि गरम वस्तूला ‘हून’. निपाणीस मराठी शिकवू लागल्यावरही ‘ऊन’ म्हणताच आमच्या मनात प्रथम ऊब येई, प्रकाश मागाहून. ही गफलत आमच्या एका विद्यार्थ्यास भोवली. ती सांगणे आम्ही आमचे कर्तव्य समजतो.

आठवीतील त्या मुलाच्या मनगटावर कोडाचे दोन डाग होते. त्याच्या शेजारी बसावयास मुले का कू करीत, आणि आमचा जीव तुटे. बावचीचा लेप लावून उन्हात बसण्याचा उपाय आयुर्वेदात जुना आहे, असे आमच्या वाचनात आले होते. पदवी कलाशाखेची, पण उत्साह मात्र वैद्याचा! डिसेंबरातील सकाळ होती. तवंदी घाटाकडून गार वारा येत होता. “ऊन कोवळं आहे, बैस खुशाल,” आम्ही सांगितले. तो तासभर बसला. त्या दिवशी काहीच झाले नाही. तिसऱ्या दिवशी मनगट फोडांनी भरले.

बेळगावच्या त्वचारोगतज्ज्ञांनी आम्हांस रागे न भरता समजाविले. कोड स्पर्शाने पसरत नाही. शरीराचे रक्षकच भ्रमाने रंगपेशींवर तुटून पडतात, आणि त्वचेच्या पेशी रासायनिक निरोप धाडून त्यांना आणखी बोलावतात. सूर्याचे अतिनील किरण या निरोपांत फेरबदल करतात. त्वचेच्या सर्वांत वरच्या थरात यूरोकॅनिक आम्ल असते. जाफे या शास्त्रज्ञास ते १८७४ साली प्रथम सापडले, तेही कुत्र्याच्या मूत्रात! किरण पडताच त्याच्या रेणूची घडण पालटते, आणि हे पालटलेले रूप रक्षकांना शांत करते, असे डी फाबो व नूनन यांनी १९८३ साली मांडले. म्हणूनच मोजका प्रकाश उपकारक ठरू शकतो. अतिरेक झाला, तर रक्षक पेंगतात आणि कर्करोगासही वाट मोकळी होते. बावचीतील सोरॅलेन १९३३ साली भारतीय रसायनशास्त्रज्ञांनी वेगळे केले. ते त्वचेस या किरणांपुढे फार हळवी करते, आणि त्याची भाजणी दोन-तीन दिवसांनी वर येते. मुख्य म्हणजे, अतिनील किरणांना ऊब नसते. गार वाऱ्यातही त्यांचे काम चालूच असते.

आम्ही मुलाच्या घरी जाऊन क्षमा मागितली. “सर, तुम्ही त्याच्या भल्यासाठीच सांगितलं होतं,” आई म्हणाली. ते शब्द आम्हांस फोडांहून अधिक झोंबले.

आता डॉक्टरांच्या देखरेखीखाली मोजून प्रकाश दिला जातो. डागांत रंगाचे बारीक ठिपके दिसू लागले आहेत. वर्गात आम्ही आमची चूक उघडपणे सांगितली आणि कोड पसरत नाही, हेही सांगितले. दुसऱ्या दिवशी एका मुलाने न सांगता आपले दप्तर त्याच्या बाकावर नेऊन ठेवले.

वोत वेगळे, हून वेगळे. आमची मातृभाषा हे जाणत होती. आम्हीच विसरलो होतो.