पाळीखालची बांधी

व्हिक्टर फ्रँकेन्स्टाइन पळाला ती रात्र नोव्हेंबरची होती. बाहेर पाऊस, मेणबत्ती विझत आलेली, आणि जवळजवळ दोन वर्षं जिवाचं रान करून जोडलेल्या देहानं नुकतेच डोळे उघडलेले. त्या देहानं कुणाचं काही वाकडं केलं नव्हतं. तो नंतर पलंगाशी आला, काहीतरी पुटपुटला, एक हात पुढे केला. एवढंच. व्हिक्टर जिना उतरून अंगणात गेला आणि उरलेली रात्र त्यानं तिथंच येरझारा घालत काढली. दुसऱ्या दिवशी मित्राला घेऊन खोलीवर परतला, दार ढकललं, आत कोणी नाही असं पाहिलं आणि आनंदानं टाळ्या वाजवल्या.

मला ‘फ्रँकेन्स्टाइन’ या मेरी शेलीच्या कादंबरीतलं सगळ्यात भयंकर काही वाटत असेल तर या टाळ्या. पुढचे खून, बर्फावरचा पाठलाग, ते सगळं या टाळ्यांच्या मागून येतं. आपण केलेली गोष्ट कुठं गेली, काय खाईल, थंडीत कुठं निजेल, याची चौकशी नाही. नजरेआड झाली, सुटलो!

नोव्हेंबरात आमच्या गोंदिया जिल्ह्यात जड धानाची कापणी चाललेली असते. बांध्यांमध्ये कडपा पडलेल्या असतात आणि तलावांवर परदेशी बदकं उतरू लागलेली असतात. अशा दिवसांत, तलावाच्या पाळीवर बसून मी हे पुस्तक पुन्हा वाचलं. भुताखेताचं पुस्तक भरउन्हात वाचावं, म्हणजे भीती बाजूला होते आणि मामला दिसतो. मामला असा, की मेरी शेलीनं १८१६ साली, वयाच्या अठराव्या वर्षी, जिनिव्हाच्या सरोवराकाठी ही गोष्ट सुचवून घेतली. आदल्या वर्षी इंडोनेशियात तांबोरा ज्वालामुखी फुटला होता. त्याच्या राखेनं युरोपचा उन्हाळा गिळला, पाऊस थांबेना, म्हणून तिच्याबरोबरची मंडळी घरात बसून एकमेकांना भुतांच्या गोष्टी सांगत होती. तिच्या जन्मानंतर थोड्याच दिवसांत तिची आई वारली होती, आणि तिचं स्वतःचं पहिलं मूल १८१५ मध्ये गेलं होतं. जन्म देणं आणि मागे उरणं या दोन्ही गोष्टी ती पोर पुस्तकातून शिकली नव्हती.

गॉथिक कादंबरीला पडका वाडा लागतो, अंधारं तळघर लागतं. पडके वाडे आमच्याकडेही आहेत, मालगुजारांचे, म्हणजे जुन्या जमीनदारांचे. पण व्हिक्टर मला त्या वाड्यांत आठवत नाही. तो आठवतो तलावांवर.

पूर्व विदर्भात साडेसहा हजारांहून जास्त जुने तलाव आहेत. सरकारी कागदांत ते ‘माजी मालगुजारी तलाव’, बोलण्यात मामा तलाव. लहान असला तर नुसती बोडी. ते बांधले मुख्यतः कोहळी समाजानं. चांद्याच्या गोंड राजानं म्हणे जाहीर केलं होतं, की जो तलाव बांधील त्याला त्या तलावाखाली भिजणारी जमीन मिळेल. आख्यायिका आहे, पण तिच्यातला हिशोब पक्का आहे. बांधणाऱ्याचं पोट तलावाला बांधलेलं. पाळ फुटली तर आधी त्याचीच बांधी, धानाचं शेत, वाहून जाणार, गाळ साचला तर त्याचेच पऱ्हे करपणार. त्याला तलावावर माया असो नसो, रात्री पाऊस वाढला की कंदील घेऊन त्याला पाळीवर जावंच लागे.

नवेगावबांधचा तलाव अठराव्या शतकाच्या सुरुवातीला कोलू पाटील कोहळीनं बांधला. सुमारे ११ चौरस किलोमीटर पाणी, भोवती टेकड्या. त्यांना सातबहिणी म्हणतात. तलाव पुरा व्हावा म्हणून त्या देवींनी हात लावला अशी श्रद्धा. आणि खुद्द कोलू पाटील? तो मेल्यावरही गेला नाही. लोकांनी त्याचा कोलासूर केला, देव म्हणून तिथंच बसवला. निर्मात्याला निर्मितीच्या काठावर कायमचं तैनात करून ठेवण्याची ही युक्ती मला फार आवडते. व्हिक्टरला इंगोलश्टाटच्या विद्यापीठात हे कुणी सांगितलं नाही.

आता मालगुजारांची आरती ओवाळायला मी बसलेलो नाही. पाळीची माती कुणाच्या डोक्यावरून आली, त्यातली किती वेठीची, हे विचारलं की अनेक वाड्यांची मान खाली जाईल. मालगुजारी गेली ते चांगलंच झालं. कायदा १९५० चा; ३१ मार्च १९५१ ला मालकी हक्क सरकारजमा झाले आणि त्यांच्याबरोबर तलावही. पण गावाच्या वाजिब-उल-अर्जात, म्हणजे हक्क-रिवाजांच्या नोंदीत, पाण्याचे हक्क जसे लिहिलेले असत, तशी गाळ काढायची, पाळ बांधायची रीतही गावात मुरलेली होती. मालकाबरोबर तीही गेली. नंतर राज्य बदललं: भंडारा जिल्हा आधी मध्य प्रदेशात, १९५६ ला मुंबई राज्यात, १९६० ला महाराष्ट्रात, आणि १ मे १९९९ ला त्यातून गोंदिया वेगळा. तलाव जागचा हलला नाही, पण त्याचे पालक बदलत राहिले. शंभर हेक्टरांहून जास्त भिजवणारे पाटबंधाऱ्याकडे, त्याहून लहान जिल्हा परिषदेकडे, मासे सहकारी संस्थेकडे ठेक्यानं. टाळ्या कुणीच वाजवल्या नाहीत. पण यातल्या कुणाचीही बांधी पाळीखाली नव्हती.

बेवारस तलावात काय शिरतं ते इकडच्या माणसाला सांगायला नको. बेशरम. लांबून जांभळट-गुलाबी फुलांची ही झुडपं देखणी दिसतात. जवळ जाऊन फांदी मोडा: आत पोकळ, तुटल्या जागी पांढरा चीक, बोटांना चिकटणारा. गुरं तोंड लावत नाहीत. मोडलेलं कांड चिखलात टाकलं की त्यालाच मुळं फुटतात, म्हणजे तोडणं हीच तिची लागवड. ही दक्षिण अमेरिकेची. कुणीतरी कुंपणाला, शोभेला म्हणून आणली आणि सोडून दिली. गावात तिला शिव्या घालायची पद्धत आहे. मला मात्र कादंबरीतला तो बिननावाचा प्राणी आठवतो. तोही जन्मतः राक्षस नव्हता. एका झोपडीला लागून असलेल्या कोपटात लपून तो माणसांची भाषा शिकला, रात्री गुपचूप त्यांच्यासाठी लाकडं तोडून ठेवू लागला. आंधळा म्हातारा त्याच्याशी चार शब्द प्रेमानं बोलला. डोळस मुलानं येऊन काठीनं बडवलं. बेशरम काही लाकडं तोडून ठेवणार नाही, इतकं मी जाणतो. पण तिला आणणारा हात आपलाच होता, हे शिव्या देताना कुणाच्या तोंडी येत नाही.

तिच्याखाली जे मेलं ते मोजायला मासेमारी करणारे ढीवरच हवेत. देवधान, पोवन, कमळ; त्यांच्या आधारानं राहणारी मरळ, दाडक, बोटरी. वरून रोहू-कटल्याचं बीज सोडलं की मत्स्यव्यवसाय झाला, असं बरीच वर्षं चाललं. अर्जुनी मोरगाव भागात भंडारा निसर्ग व संस्कृती अभ्यास मंडळानं, मनीष राजनकर आणि ढीवर मंडळींनी मिळून उलटं काम धरलं: बेशरम मुळासकट उपटायची, तलावाचा तळ उन्हाळ्यात नांगरायचा आणि जुन्या पाणवनस्पती चांगल्या तलावातून आणून लावायच्या. पाण्यात रोवणी! धानाच्या रोवणीत वाकलेल्या बायकाच हे करू जाणतात.

अशाच एका तलावावर मी एका बाईंना विचारलं, की तलाव तुमचा नाही, पाळीखाली तुमची शेतीही नाही, मग हा उपद्व्याप कशाला? माझ्या प्रश्नात वाड्याचा वास असावा, कारण त्यांनी आधी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं.

“शेती नाही जी भाऊ. आमी पान्यातच आहोन ना.”

यावर मला काही सुचलं नाही; आठवलं ते पुन्हा पुस्तकच. मेरी शेलीनं १८१८ ची पहिली आवृत्ती नाव न घालता काढली होती. १८२३ च्या आवृत्तीवर तिचं नाव आलं, आणि १८३१ मध्ये प्रस्तावना लिहून तिनं आपल्या त्या कुरूप लेकराला, जा, जगात जाऊन सुखी हो, असा उघड आशीर्वाद दिला. कथेतल्या बापानं जे टाळलं ते लेखिकेनं तेरा वर्षांनी का होईना केलं. बाप मात्र शेवटपर्यंत पाळीखाली उतरला नाही. ध्रुवाजवळच्या जहाजावर मरायला टेकलेला व्हिक्टर आपल्या वागण्याचा हिशोब मांडतो: त्या प्राण्याप्रती माझं कर्तव्य होतं खरं, पण मनुष्यजातीप्रती त्याहून मोठं होतं, म्हणून मी त्याला जोडीदारीण दिली नाही, तेव्हा मला दोष देता येत नाही. फाइलवर शोभेल असा शेरा. मोठ्या कर्तव्याचं नाव घेतलं की लहान बोडीचा गाळ काढायचा राहिला तरी चालतं, आणि मनुष्यजात काही विचारायला येत नाही.

ढीवर विचारतात. पाच वर्षांचा ठेका संपायच्या आत लावलेलं देवधान नीट धरेल का, आणि धरलं तर पुढचा ठेका आमच्याच संस्थेला मिळेल का. बेशरमचं एक कांड गाळात राहिलं तरी पुढच्या पावसाला ती पुन्हा उभी राहते, तेव्हा दरसाल मे महिन्यात पाणी उतरलं की कुणी कुणी यायचं, याच्या याद्या ते आतापासून करतात.