दारातले लिंबू

लातूरच्या आमच्या भाड्याच्या घराला अंगण नव्हते. जिन्याजवळ हातभर जागा आणि दुपारपर्यंतचे ऊन, एवढेच काय ते होते. तेथे आम्ही २०१३ साली कागदी लिंबाचे कलम लावले. "काटेरी झाड दारात नको, घरात भांडणे लागतात," असे शेजारच्या मावशींनी बजावले. आम्ही हसून म्हणालो, "मावशी, आमची भांडणे पगार पुरत नाही म्हणून होतात."

कुंडी दीड फुटाची घेतली. तळाच्या भोकावर खापऱ्या ठेवल्या. आपली काळी माती पाणी धरून ठेवते, कुंडीत मुळे कुजतात. म्हणून निम्मी माती, बाकी वाळू व कुजलेले शेणखत आणि मूठभर निंबोळी पेंड घातली. वरची माती बोटाला कोरडी लागली तरच पाणी. पानांवर पक्ष्याच्या विष्ठेसारख्या दिसणाऱ्या अळ्या येत. त्यांचीच पुढे फुलपाखरे होतात. रोज पंचशील म्हणायचे आणि अळी चिरडायची, हे मनाला पटेना. त्या उचलून आम्ही विहारामागच्या मोठ्या कढीपत्त्यावर सोडत असू; तोही त्यांना चालतो.

२०१६ चा उन्हाळा लातूरकर विसरणार नाहीत. मार्चमध्ये पाण्याच्या टाक्यांभोवती जमावबंदी, एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी. १९२७ साली चवदार तळ्यावर पाण्याचा हक्क मिळवायला निघालेल्यांची आपण लेकरे. नळ कोरडा असताना झाडाला पाणी घालायचे ते कोणत्या तोंडाने? तांदूळ धुतलेले पाणी तेवढे झाडाला, असे ठरले. एकदा टँकर आला तेव्हा आम्ही दोघेही कामावर होतो. मावशींनी आपल्या भांड्यांबरोबर आमच्याही दोन घागरी भरून ठेवल्या.

झाडाने निम्मी पाने टाकली. पण पाऊस पडला आणि ते फुलांनी भरून गेले. बहार धरण्यासाठी शेतकरी पाणी तोडून झाडाला ताण देतात. आमच्या झाडाला तो दुष्काळाने दिला.

हिवाळ्यात लिंबे पिवळी झाली. मावशींच्या मुलाने नवी रिक्षा घेतली होती. "एक लिंबू द्या, मिरच्यांबरोबर गाडीला बांधते," त्या म्हणाल्या. आमच्यातच दोन मते झाली. जिने आपल्याला पाणी दिले, तिला एका लिंबाला नाही म्हणायचे? पण १४ ऑक्टोबर १९५६ रोजी बाबासाहेबांनी ज्या वाटेला लावले, त्या वाटेवर आपल्याच हाताने लिंबू-मिरची टांगायला द्यायची? शेवटी दहा लिंबे घेऊन गेलो. "मावशी, खायला हवी तेवढी न्या. बांधायला मात्र आमच्याच्याने देववत नाही." मावशी पंधरा दिवस बोलल्या नाहीत.

पुढच्या उन्हाळ्यात त्यांचा मुलगा भर दुपारी रिक्षा चालवून चक्कर येत घरी आला. मावशी स्वतः धावत आल्या. लिंबू, मीठ, साखर घातलेले पाणी त्याने आमच्याच जिन्यावर बसून घोट घोट घेतले. त्या विषयावर त्याही बोलल्या नाहीत, आम्हीही नाही.

२०१९ साली आमची बदली नांदेडला झाली. निघण्यापूर्वीच्या पावसाळ्यात आम्ही एका फांदीची गोल साल काढून ओले शेवाळ बांधले, गुटी कलम केले. मुळे फुटल्यावर ते डब्यात लावून मावशींना दिले. आमची कुंडी आता नांदेडच्या गच्चीवर आहे. मावशींचा फोन येतो. दाराला किंवा गाडीला काय टांगले आहे, हे आम्ही विचारत नाही. काटेरी झाड मात्र त्यांनी दारातच ठेवले आहे आणि त्याला तांदळाचे पाणी घालतात.