दिवसाचा शिंगाळा

रेवदंड्यास राहावयास आल्यापासून कुंडलिकेच्या खाडीकडे पाहत बसण्याचा छंद आम्हांला जडला होता. पण त्या पाण्यांत गळ टाकण्याची बुद्धि साठी उलटल्यावर झाली. आमचें घर शुद्ध शाकाहारी. मासळीचा वाससुद्धां उंबरठ्याच्या आंत यावयाचा नाहीं, हा आमच्या आत्याबाईंचा दंडक असून घरांतील लहानथोर तो निमूटपणें पाळीत आले आहेत. अशा घरच्या कर्त्या पुरुषानें मासे धरावयास जावें हें वाचकांस विचित्र वाटेल. आम्हांलाही वाटलें; म्हणूनच 'कोर्लईच्या किल्ल्यावर जाऊन येतों' असें सांगून आम्ही बाहेर पडलों, आणि धाकटा नातू बरोबर येण्यास हटून बसला तेव्हां त्यालाही या खोटेपणांत सामील करून घेतलें.

कोळीवाड्यांतील एक वृद्ध नाखवा आमचे गुरु झाले. त्यांच्या मुलांना आम्हीं शाळेंत शिकविलें असल्यामुळें ते आम्हांलाच 'गुरुजी' म्हणतात, हा भाग निराळा.

शिंगाळा हा मूळचा रात्रीं चरणारा मासा. अंगावर खवले नाहींत, तोंडाभोंवतीं लांब मिशा. डोळ्यांपेक्षां या मिशांवरच त्याची भिस्त. वास, चव व स्पर्श यांच्या जोरावर तो चिखलांतील भक्ष्य हुडकतो. पाणी निवळ असलें म्हणजे दिवसा तो खोल जागीं किंवा सावलींत पडून राहतो. "पन पानी गढूल असंल तं त्याला दीस काय नि रात काय!" असें नाखवा म्हणाले. आषाढ लागण्याच्या सुमारास कुंडलिका तांबडी होऊन येते, तो काळ नवशिक्याला बरा. (या नदीला भिऱ्याच्या वीजगृहांतून मुळशीचें पाणी मिळतें. पुण्याकडे जावयाचें पाणी १९२७ सालापासून घाट उतरून आमच्या दारावरून समुद्रांत जातें. मुळशीच्या सत्याग्रहाची आठवण ज्या घरांत आहे, तेथें हें सांगावयास नको.)

साळावच्या पुलाजवळ, भरती लागण्याच्या वेळीं आम्ही बसलों. भरतीबरोबर मासा काठाकडे चरावयास येतो. लाकडाच्या तुकड्यावर गुंडाळलेला तंगूस, शिशाची एक गोळी व गळाला सोललेली कोळंबी, एवढेंच साहित्य. गोळी तळाला टेकली पाहिजे, कारण शिंगाळा तळाशींच खातो. आमची चूक अशी, कीं दर दोन मिनिटांनीं दोरी ओढून पाहावयाची. तिसऱ्यांदा नाखवांनीं आमचा हात धरून ठेवला. मग दोरी थरथरली, थांबली, आणि एकदम ताणली गेली. वीतभर लांबीचा शिंगाळा वर आला. तो चक्क घोगरा आवाज करीत होता. त्या आनंदांत आम्हीं त्याला मुठींत धरलें.

शिंगाळ्याच्या पाठीवर एक व दोन्ही बाजूंच्या परांशीं एक एक असे तीन दंतुर काटे असतात, व भ्याला म्हणजे ते ताठ उभे करून तो त्यांना जणूं कुलूप घालतो. एक काटा आंगठ्याच्या मुळाशीं शिरला. काट्यावरील त्वचेंत विष असतें. आमचा हात मनगटापर्यंत पेटला, आणि कोर्लईचा किल्ला तेथेंच ढासळला.

घरीं आत्याबाईंनीं हाताकडे पाहिलें, पिशवीकडे पाहिलें, आणि एक शब्द न बोलतां बंबांतलें कढत पाणी घमेल्यांत ओतलें. हें विष उष्णतेनें निकामी होतें. दुसऱ्या, निरोगी हातानें पारखून, सोसवेल इतक्या गरम पाण्यांत अर्धा तास तरी हात ठेवावा. नंतर डॉक्टरांकडून काट्याचा तुकडा आंत राहिला नाहीं ना हें पाहवून धनुर्वाताचें इंजेक्शन घेतलें. पाणी ओततांना आत्याबाईंनीं एवढेंच विचारलें, "पोराला खोटें बोलावयास लावलेंत?" ठणका त्या रात्रींच उतरला.

मासा नाखवांच्या घरीं शिजला. नातवानें मात्र धरणें धरलें : "आपण खात नाहीं, मग धरला कशाला?" त्याची समजूत घालण्यासाठीं आम्हीं वाचून काढलें तें उलटच निघालें. समुद्रांतील शिंगाळ्यांच्या जातींत बाप द्राक्षांएवढालीं अंडीं तोंडांत धरून हिंडतो, पिलें फुटून सुटीं होईपर्यंत अन्न घेत नाहीं. १९८० नंतरच्या दशकांत कर्नाटकाच्या किनाऱ्यावर पर्ससीन जाळ्यांनीं अशा बापांचे थवेच्या थवे पकडले गेले, व तेथील शिंगाळा झपाट्यानें ओसरला. हें आम्हीं त्याला सांगावयास नको होतें.

पुढच्या खेपेस लागलेला शिंगाळा ओल्या फडक्यांत धरून आम्हीं परत पाण्यांत सोडला. नाखवा रागावले. दर्यानें दिलेलें परत करणें हा त्यांच्या मतें दर्याचा अपमान, आणि त्यांच्या घरच्या चुलीचाही. शेवटीं दोरी आमची व मासा त्यांचा, असा तह झाला.

नातवाला तो मान्य नाहीं. नाखवांनीं स्वतः त्याला समजाविलें, "बाला, तोंडात अंडी असतील तो बापूस गळाला लागतच नाय, उपाशी असतो तो." नातू थोडा वेळ पाण्याकडे पाहत राहिला आणि म्हणाला, "पण हा पुढच्या वर्षीं बाप झाला असता."

नाखवांनीं दोरी गुंडाळावयास घेतली. भरती अजून पुरती व्हावयाची होती.