हाडे कुणाची, इतिहास कुणाचा?

रविवारी विहारात वंदना झाली की आम्ही वस्तीतल्या मुलांचा अभ्यासवर्ग घेतो. मागे एकदा इतिहासाचा धडा चालू असताना आठवीतल्या एका मुलीने विचारले, "काका, कोलंबसाने अमेरिका शोधली म्हणतात. मग तिथे आधीपासून राहणाऱ्या माणसांना ती सापडलीच नव्हती का?" सगळा वर्ग हसला. आम्हाला मात्र हसू आले नाही. ज्यांचा इतिहास दुसऱ्यांनी लिहिला, त्यांच्याच घरातून असा प्रश्न येतो. त्या दिवशी आम्ही मुलांना जी हकिकत सांगितली, तीच येथे समाजबांधवांपुढे ठेवीत आहोत.

अमेरिकेच्या पश्चिम टोकाला वॉशिंग्टन नावाचे राज्य आहे. राजधानीचे वॉशिंग्टन शहर वेगळे, ते पूर्वेकडे. या राज्यात १९७७ साली एका शेतकऱ्याला तळे खणताना मॅस्टोडॉन या हत्तीसारख्या प्राण्याची हाडे सापडली. त्याच्या बरगडीत हाडाचेच एक टोक रुतलेले होते. संशोधकांच्या मते ती शिकार सुमारे १३,८०० वर्षांपूर्वीची आहे. कोलंबस निघाला १४९२ साली. म्हणजे त्याच्या आधी हजारो वर्षे त्या खंडावर माणसाची चूल पेटत होती.

याच राज्यात कोलंबिया नदीच्या काठी केनेविक गाव आहे. २८ जुलै १९९६ रोजी तेथे होड्यांची शर्यत होती. ती पाहायला आलेल्या दोन तरुणांना काठच्या पाण्यात माणसाची कवटी दिसली. पोलिसांना वार्ता गेली. जेम्स चॅटर्स या पुरातत्त्वज्ञांनी शोध घेतला तेव्हा हाडांचे सुमारे साडेतीनशे तुकडे मिळाले आणि जवळजवळ संपूर्ण सांगाडा उभा राहिला. कमरेच्या हाडात दगडी भाल्याचे टोक रुतलेले, पण भोवती हाड पुन्हा भरून आलेले. एवढा घाव सोसूनही तो माणूस पुढे जगला होता! आजच्या गणिताप्रमाणे तो साडेआठ ते नऊ हजार वर्षांपूर्वीचा आहे.

येथून वादाला तोंड फुटले. कवटी लांबट आणि अरुंद, म्हणून प्रथम ती युरोपीय माणसासारखी वाटली. वर्तमानपत्रांना तेवढेच पुरे झाले. गोऱ्यांचेच पूर्वज तेथे आधी आले होते, असे काही जण म्हणू लागले. म्हणजे ज्यांची जमीन गेली, त्यांचे मूळ रहिवासीपणही जाणार! उमाटिला, याकामा, नेझ पर्स, कोलव्हिल आणि वानापम हे तेथील मूळ लोक. त्यांनी त्या माणसाला 'पुरातन पुरुष' म्हटले आणि १९९० च्या कायद्याप्रमाणे आपल्या पूर्वजाची हाडे दफनासाठी मागितली. आठ शास्त्रज्ञ अभ्यासासाठी कोर्टात गेले. २००४ साली अपील कोर्टाचा निकाल शास्त्रज्ञांच्या बाजूने लागला. आजच्या जमातींशी नाते सिद्ध होत नाही, असे कोर्टाचे म्हणणे पडले.

कवटीची मोजपट्टी आपल्याला नवी नाही. आपल्या देशातही डोकी आणि नाके मोजून माणसांचे वंश ठरविले गेले. परमपूज्य बाबासाहेबांनी १९४८ च्या 'द अनटचेबल्स' या ग्रंथात तीच मापे हाती घेतली आणि अस्पृश्य व ब्राह्मण निराळ्या वंशाचे असल्याचे त्यांतून निघत नाही, हे दाखवून दिले. त्यांनी शास्त्र नाकारले नाही. शास्त्राच्या नावाने काढलेला खोटा निष्कर्ष नाकारला.

केनेविकच्या बाबतीतही तसेच झाले. २०१५ साली कोपनहेगन विद्यापीठातील संशोधकांनी त्या माणसाच्या हाताच्या हाडातून डीएनए मिळविला. कोलव्हिल जमातीच्या लोकांनी तुलनेसाठी आपले नमुने आपण होऊन दिले. उत्तर स्वच्छ आले : हा माणूस जगातील इतर कोणाहीपेक्षा अमेरिकेच्या मूळ रहिवाशांनाच जवळचा. मोजपट्टी चुकली होती.

येथे आमची स्वतःची अडचण झाली, ती प्रांजळपणे सांगतो. आम्ही धम्माचे अनुयायी. केवळ वाडवडील सांगतात म्हणून मानू नका, तपासून पाहा, ही आपली शिकवण. १९९६ सालीच हाडे पुरली असती तर हे सत्य कळलेच नसते. मग त्या जमाती चुकल्या काय? आमचे मन तसे म्हणायला धजत नाही. ज्यांच्या थडग्यांतली हाडे पिढ्यान् पिढ्या संग्रहालयांनी न विचारता नेली, त्यांनी विश्वास कशावर ठेवावा? शेवटी सत्य बाहेर आले ते त्या लोकांनी आपल्या हाताने नमुने दिले तेव्हा. तपासणीला विरोध नसतो. न विचारता केलेल्या तपासणीला असतो.

वर्गाच्या मागे बसलेल्या एका आजींनी मध्येच विचारले, "दिली का रं बाबा, त्यांच्या मानसाची हाडं त्यांना?"

होय, दिली. डिसेंबर २०१६ मध्ये राष्ट्राध्यक्ष ओबामांनी तशा कायद्यावर सही केली. १७ फेब्रुवारी २०१७ रोजी सिएटलच्या बर्क संग्रहालयातून जमातींनी हाडे ताब्यात घेतली आणि दुसऱ्या दिवशी दोनशेहून अधिक लोकांनी मिळून दफन केले. जागा गुप्त ठेवली. वीस वर्षे लागली.

आजींना आम्ही सांचीची गोष्टही सांगितली. भगवान बुद्धांचे अग्रश्रावक सारिपुत्त आणि मोग्गल्लान यांच्या अस्थी १८५१ साली इंग्रजांनी स्तूपातून काढल्या, त्या पुढे लंडनच्या संग्रहालयात जाऊन राहिल्या. १९४७ साली त्या परत निघाल्या आणि १९५२ साली सांचीला पुन्हा प्रतिष्ठापित झाल्या. शंभर वर्षे! आजी म्हणाल्या, "मंजी आपलं बी तसंच की."

त्या मुलीला आम्ही एक काम दिले आहे. घरी आजी-आजोबांना विचारायचे : गाव कोणते, गाव का सोडले, मुंबईत पहिल्यांदा कोठे राहिलात, धम्मदीक्षा कोठे घेतलीत. सगळे वहीत लिहायचे, तारखेसह, आणि जमेल तेवढे कागदपत्र पाहून पडताळायचे. तिची बारा पाने भरली आहेत. आपणही घरोघरी एक वही घालावी. उद्या कोणी मोजपट्टी घेऊन दारात आले, तर आपल्यापाशी आपला पुरावा असावा.