कोणाकडून ऐकलंत?

नोकरीभर मुलांना इतिहास शिकवला आणि त्यात माझं एक ठरलेलं वाक्य होतं: कागद असेल तर बोला. हे वळण इतिहाससंशोधक वि. का. राजवाड्यांनी लावलं. बखरी रंगवून सांगतात, समकालीन पत्राचं एक चिटोरं हाती आलं तर ते अख्ख्या बखरीला भारी पडतं, ही त्यांची धारणा. 1898 साली ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चा पहिला खंड निघाला तो याच हट्टापायी. कॉलेजात असताना ते खंड चाळले आणि म्हाताऱ्या माणसांच्या तोंडून ऐकलेल्या गोष्टी माझ्या लेखी ‘ऐकीव’ या एका खात्यात गेल्या. ऐकीव म्हणजे सोडून द्यायचं.

इस्लाममधल्या हदीसही मी त्याच खात्यात टाकल्या होत्या. पैगंबर काय बोलले, कसे वागले, त्यांच्यासमोर काय घडलं आणि त्यांनी ते अडवलं नाही, यांच्या नोंदी म्हणजे हदीस. पैगंबर गेले 632 मध्ये. सर्वांत प्रमाण मानला जाणारा संग्रह इमाम बुखारींचा, आणि बुखारी गेले 870 मध्ये. मधे 238 वर्षं. एवढ्या काळात तोंडोतोंडी काय शिल्लक राहणार? हा हिशेब मांडून मी मोकळा झालो होतो. पुसेगावात जन्म गेला, ईदला शेजारच्या घरी शीरखुर्मा खाल्ला, मय्यतीला खांदा दिला, पण या लोकांनी आपल्या आठवणी तपासल्या कशा असतील हा प्रश्न कधी मनात आला नाही. ते श्रद्धेचं काम, तिथे तपासणी कशाची, असं धरून चाललो होतो.

हे मत आता राहिलेलं नाही. मी श्रद्धाळू झालो असा मात्र अर्थ काढू नये. गळ्यातली तुळशीची माळ आहे तिथेच आहे, आणि राजवाड्यांचे खंडही कपाटात आहेत.

2023 मध्ये मराठा आरक्षणासाठी मराठवाडाभर कुणबी नोंदी शोधायची धांदल उडाली. शिंदे समिती नेमली गेली, आणि घराघरांतल्या जुन्या पेट्या उघडल्या. आमच्याही पेटीत निजामाच्या अमदानीतला एक उर्दू कागद निघाला. घरात उर्दू वाचणारे शेवटचे वडील. ते गेल्यावर तो कागद मुका झाला होता. म्हणून गावातल्या मौलवीसाबांकडे गेलो. वयाने माझ्या मुलाएवढे. मदरशाचा शेवटच्या वर्षाचा अभ्यास, ज्याला ते दौरा-ए-हदीस म्हणतात, तो पुरा करून आलेले.

त्यांनी कागद हातात घेतला, पण वाचला नाही. “गुरुजी, हा तुमच्यापाशी कसा आला?”

“पेटीत होता.”

“पेटीत कोणी ठेवला? त्यांना कोणी दिला?”

मी जरा वैतागलोच. कागद समोर आहे, शिक्का आहे, तो वाचायचा सोडून हा माणूस कुळकथा विचारतोय. तेव्हा त्यांनी सांगितलं की त्यांच्या शास्त्रात ज्ञान हाती येण्याचे आठ मार्ग मोजतात. तेराव्या शतकातल्या इब्न सलाह यांच्या ग्रंथात ते क्रमाने दिले आहेत. गुरूच्या तोंडून प्रत्यक्ष ऐकणं पहिलं. आणि नुसताच सापडलेला कागद, ज्याच्या लेखकाकडून तुम्ही काही ऐकलेलं नाही, तो आठवा. सगळ्यांत शेवटचा. त्याला ते ‘विजादा’ म्हणतात.

माझ्या हयातभराच्या शिकवणीची ही उलटी उतरंड होती. मला राग आला आणि कुतूहलही वाटलं. नंतर आम्ही बसू लागलो. ते उर्दू आणि अरबी पुस्तकांतून सांगायचे, मी वहीत टिपायचो.

हदीसेचे दोन भाग. एक मतन, म्हणजे जे सांगितलं ते. दुसरा सनद, म्हणजे ते कोणी कोणाकडून ऐकलं याची साखळी. साखळीतला प्रत्येक माणूस रावी. बुखारींच्या संग्रहातली अगदी पहिली हदीस घ्या. कृतीचं मोल हेतूवर ठरतं, अशा आशयाची. मुसलमान घरातल्या पोरांनाही ती माहीत असते. बुखारींनी ती ऐकली हुमैदींकडून, हुमैदींनी सुफियान बिन उयैना यांच्याकडून, त्यांनी याह्या बिन सईद अन्सारींकडून, त्यांनी मुहंमद बिन इब्राहीम तैमींकडून, त्यांनी अलकमा बिन वक्कास यांच्याकडून, त्यांनी खलिफा उमर यांच्याकडून, आणि उमर यांनी स्वतः पैगंबरांकडून. 238 वर्षांची माझी पोकळी मधे सहा माणसांनी भरलेली होती, आणि सहाही जणांची नावं, गावं, गुरू, शिष्य, मृत्यूची सालं लिहिलेली.

मग मौलवीसाबांनी जे सांगितलं त्याने मी खरा चकित झालो. एवढी प्रसिद्ध हदीस, पण उमर, अलकमा, तैमी, याह्या या चार पायऱ्यांवर तिला भक्कम असा एकेकच साक्षीदार आहे. याह्यांच्या पुढे मात्र ऐकणारे असंख्य. ही गोष्ट कोणा टीकाकाराने शोधलेली नाही. हदीसेच्या विद्वानांनीच ती नोंदवली, असल्या हदीसेला ‘गरीब’ म्हणजे एकाकी असा वर्ग दिला, आणि साक्षीदार पक्के आहेत म्हणून ती मान्य केली. आपल्या सर्वांत लाडक्या वचनाचा आधार किती अरुंद आहे हे वर्गात पहिल्याच पाठाला सांगायचं, याला धाडस लागतं. आमच्या पाठ्यपुस्तक मंडळात मी ते कधी पाहिलं नाही.

साक्षीदार पक्का कसा ठरवायचा? दोन कसोट्या: सचोटी आणि स्मरण. एक असून दुसरी नसेल तर उपयोग नाही. इथे त्या लोकांनी भाबडेपणा अजिबात ठेवलेला नाही. देवभोळी माणसं ठरवून खोटं बोलत नाहीत, पण त्यांच्या तोंडून खोट्या हदीसा फार निघतात, असं आठव्या शतकातले याह्या अल कत्तान म्हणून गेले, आणि बुखारींसारखेच दुसरे मोठे संग्राहक इमाम मुस्लिम यांनी ते आपल्या संग्रहाच्या प्रस्तावनेत घेतलं. नूह बिन अबी मरियम नावाच्या गृहस्थाने कुराणातल्या एकेका सूरेचं पुण्य सांगणाऱ्या हदीसा रचल्या. विचारलं तेव्हा कारण सांगितलं की लोक कायद्याच्या आणि लढायांच्या पुस्तकांत गुंतले होते, त्यांना कुराणाकडे वळवायचं होतं. हेतू चांगला, तरी त्याचं नाव खोटारड्यांच्या यादीत कायमचं गेलं.

इजिप्तचे काझी इब्न लहीआ यांची हकिगत मला फार आवडली. माणूस सज्जन. घराला आग लागून त्यांची टिपणं जळाली, त्यानंतर ते आठवणीवर सांगू लागले आणि घोटाळे होऊ लागले. तेव्हा विद्वानांनी त्यांचं आयुष्य आगीपाशी कापलं: आगीआधी ज्या शिष्यांनी ऐकलं त्यांचं घ्यायचं, नंतरच्यांचं घेताना हात आखडायचा. म्हातारपणी स्मृती ढळली अशा इतरांच्या बाबतीतही हेच: कोणत्या शिष्याने ढळण्याआधी ऐकलं आणि कोणी नंतर, याच्या याद्या. दोन माणसं एका काळातली असली तर भेट झाली असं धरायचं, की भेटीचा पुरावा मागायचा, यावर बुखारी आणि मुस्लिम यांच्या पद्धतीतच फरक आहे. बुखारी पुरावा मागतात.

या माणसांच्या चरित्रांचं शास्त्रच वेगळं आहे, अस्मा-उर-रिजाल. पंधराव्या शतकातले इब्न हजर अस्कलानी यांनी एका आटोपशीर ग्रंथात आठ हजारांहून अधिक रावी बारा पायऱ्यांत लावले आहेत. वरच्या पायऱ्यांवर खात्रीचे, तळाशी खोटं रचणारे. त्यांचाच मोठा ग्रंथ ‘तहजीब अल तहजीब’ बारा खंडांचा. तो कुठे छापला गेला हे मौलवीसाबांनी सांगितलं तेव्हा मी वही बाजूला ठेवली. हैदराबादेत. निजामाच्या राज्यात 1888 मध्ये निघालेल्या दायरतुल मआरिफ या संस्थेने तो विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात छापला. बुखारींचा रावींवरचा ‘तारीख अल कबीर’ही तिथलाच. जगभरचे अरबी अभ्यासक या हैदराबादी प्रतींवर काम करत आले आहेत.

आमचं पुसेगाव तेव्हा त्याच राज्यात, परभणी जिल्ह्यात. गावचा सारा त्याच खजिन्यात जायचा. आमच्या घरात निजाम म्हटलं की रझाकार, आणि 17 सप्टेंबर, मुक्तिसंग्रामाचा दिवस, म्हणजे सणच. तो राग मी सोडलेला नाही, सोडायचं कारणही दिसत नाही. पण त्याच राज्यात असलंही काही चाललं होतं, हे मी मराठवाड्याचा इतिहास इतकी वर्षं शिकवूनही एकदासुद्धा फळ्यावर लिहिलं नाही.

त्याच हैदराबादचे डॉ. मुहंमद हमीदुल्लाह. जन्म 1908 चा. 1948 मध्ये निजामाच्या शिष्टमंडळातून संयुक्त राष्ट्रांकडे गेले, आणि इकडे संस्थान संपल्यावर परत आलेच नाहीत, पॅरिसात राहिले. आमच्या मुक्तिसंग्रामाच्या दृष्टीने ते पलीकडच्या बाजूचे. पण या माणसाने माझ्या ‘दोनशे अडतीस वर्षं’ या मुद्द्याचा कणा मोडला. पैगंबरांचे सहकारी अबू हुरैरा यांचा एक शिष्य होता, हम्माम बिन मुनब्बिह. त्याने गुरूकडून ऐकलेल्या 138 हदीसांची वही केली होती. तिच्या हस्तलिखित प्रती बर्लिन आणि दमास्कस इथे हमीदुल्लाहांना मिळाल्या, त्यांनी त्या 1953 मध्ये प्रसिद्ध केल्या. बुखारींच्या काळातल्या इमाम अहमद बिन हंबल यांनी याच साखळीने आलेल्या हदीसा आपल्या ग्रंथात घेतल्या आहेत. दोन्ही शेजारी ठेवले तर शब्दांचा फरक किरकोळ. मधल्या पिढ्यांनी माल बराचसा जसाच्या तसा पोचवला होता. आणि तोंडोतोंडी म्हणता म्हणता वह्याही चालू होत्या.

मौलवीसाब इथे खूश होऊन म्हणाले, “आता तर मानता?”

पूर्ण नाही मानत. पाश्चात्त्य अभ्यासक गोल्डझिहर यांनी 1890 मध्ये आणि शाख्त यांनी 1950 मध्ये घेतलेली शंका अशी, की हदीस रचणारा हुशार असेल तर तो साखळीही रचेल. आणि एका माणसापासून पुढे फाटे फुटतात तेव्हा तोच उगम असू शकतो. पहिल्या हदीसेतले याह्या बिन सईद अगदी अशाच जागी बसले आहेत. मोत्स्की यांच्यासारख्या नंतरच्या अभ्यासकांनी शाख्त यांची बरीच विधानं खोडली, तरी शंका पुरती मिटत नाही. शिवाय या शास्त्राचा भर माणूस तपासण्यावर अधिक, वाक्य तपासण्यावर कमी. आशयावरून हरकत घेतल्याची उदाहरणं आहेत, आणि ती पहिल्या पिढीपासून आहेत: घरचे रडले की मृताला शिक्षा होते असं खलिफा उमर यांचे पुत्र इब्न उमर सांगायचे, तेव्हा पैगंबरांच्या पत्नी बीबी आयेशांनी, एकाचं ओझं दुसऱ्यावर नसतं हे कुराणाचं म्हणणं पुढे करून, ऐकण्यात चूक झाल्याचं सांगितलं. पण ही रीत त्यांच्या वारसांनी सढळपणे वापरली असं मला दिसत नाही. मौलवीसाबांना हे पटत नाही. आमचं यावर भांडण आहे, चालू राहील.

माझं मत खरं बदललं ते मात्र या सगळ्यापेक्षा जवळच्या ठिकाणी.

संत नामदेवांचं नर्सी आमच्यापासून हाकेवर. नामदेव महाराज आमचे घरचे. एका संध्याकाळी मी सहज त्यांचा एक अभंग म्हटला, आणि मौलवीसाबांनी तोच प्रश्न केला: हा कोणाकडून कोणाकडे आला? मी उत्तर द्यायला तोंड उघडलं आणि मिटलं. नामदेवांचा काळ 1270 ते 1350. त्यांची 61 पदं शिखांच्या आदिग्रंथात आहेत, तो सिद्ध झाला 1604 मध्ये. मधे 254 वर्षं. बुखारींपेक्षा सोळा वर्षं जास्तच. आणि इथे मधल्या माणसांची नावं कोणी लिहून ठेवलेली नाहीत. सोळाव्या शतकात विष्णुदास नामा झाला, महाभारत मराठीत आणणारा. त्याच्याही रचना ‘नामा’ या मुद्रेने नामदेवांच्या गाथेत मिसळल्याचं अभ्यासक सांगतात. म्हणजे एका नावाचे अनेक रावी. हदीसवाल्यांनी सारख्या नावांच्या रावींची गफलत होऊ नये म्हणून स्वतंत्र ग्रंथ लिहिले. आम्ही ‘नामा म्हणे’ आलं की टाळी वाजवली.

हे मला माहीत नव्हतं असं नाही. विष्णुदास नाम्याचा घोळ एम.ए.ला अभ्यासाला होता. पण हरिपाठाला बसलो की मी कागद मागत नसे, आणि मशिदीवरून जाताना मात्र मागत असे.

गेल्या सप्ताहात कीर्तनकार महाराजांना जेवताना विचारलं की आज घेतलेला अभंग कोणत्या गाथेतला, जुनी पोथी कुठली. ते म्हणाले, “गुरुजी, भाव बघा.” पंगतीतले चार जण हसले. मीही वरण मागून घेतलं.

सध्या एक वही घातली आहे. नामदेवांच्या नावावरचा अभंग, तो कोणत्या हस्तलिखितात आहे, ते कोणी कोणत्या साली उतरवलं, मुद्रा ‘नामा’ की ‘विष्णुदास नामा’, असे रकाने. आदिग्रंथातली पदं बहुतेक हिंदीच्या वळणाची, त्यामुळे मराठी अभंगाशी ओळीला ओळ लावता येत नाही आणि काम तिथे अडतं. शेवटचा रकाना मौलवीसाबांच्या सांगण्यावरून आखला आहे: उतरवणाऱ्याचा गुरू कोण. तो जवळजवळ सगळा कोरा आहे.