परगावची झोप

लेकराच्या झोपेची काळजी सारे घर वाहते. पाळणा हलतो, आवाज हलके होतात, दिवा मालवला जातो. म्हातारे माणूस मात्र रात्रभर जागले तरी घराला त्याची खबर नसते. ‘वय झाले, आता झोप कमीच व्हायची’ असे म्हणून आपण मोकळे होतो. हे म्हणणे कितपत खरे आहे, याचा विचार आम्हां उभयतांना करावा लागला तो आई हिंगोली जिल्ह्यातून आमच्याकडे पुण्यास कायमची राहावयास आली तेव्हा.

१ मे १९९९ रोजी परभणीतून वेगळा झालेला आमचा हा जिल्हा पाच तालुक्यांचा. कापूस, सोयाबीन, हळद ही तिथली पिके. बरीचशी शेती पावसाच्या भरवशावर आणि कारखानदारी बेताची. म्हणून माणसे बाहेर पडतात. शिकलेली मुले पुण्या-मुंबईस नोकरी धरतात व पुढे एकट्या पडलेल्या आईवडिलांना आपल्याकडे नेतात. ज्यांना हे साधत नाही, त्यांतली अनेक कुटुंबे मुकादमाची उचल घेऊन दसरा-दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला पश्चिम महाराष्ट्रात वा कर्नाटकात जातात आणि उन्हाळ्याच्या तोंडाशी परततात. दोन्ही वाटांवर म्हातारी माणसे आहेत, आणि दोन्ही वाटांवर त्यांची झोप हरवते.

आईचे गाव कळमनुरी तालुक्यात. तिथे तिचा दिवस कोंबड्याबरोबर सुरू होई. झाडलोट, गुरांचे शेणपाणी, शेतातली निंदणी. हळद निघाली की ती शिजवणे, वाळत घालणे आणि रात्री राखणीसाठी अंगणातच बाज टाकणे. आठाच्या सुमारास तिचा डोळा लागे. पुण्यात तिसऱ्या मजल्यावर तिला काम उरले नाही, ऊन दिसेना, बोलायला शेजारीण मिळेना. दुपारी खुर्चीतच डुलकी लागे. रात्री अकरापर्यंत घरातले दिवे चालू, आणि दोन वाजता ती खिडकीशी उभी. विचारले तेव्हा म्हणाली, “झोप येत नाही असं नाही बाबा. हितं दिवस मावळल्यावानी वाटतच नाही.”

आमच्या परिचयाच्या एका डॉक्टरांनी हे ऐकले आणि म्हणाले, “आजींनी नेमके निदान केले आहे.” मग त्यांनी समजावून सांगितले. आपल्या देहात एक घड्याळ चालते. त्याची आतली रचना उलगडणाऱ्या हॉल, रॉसबॅश व यंग या तीन अमेरिकन शास्त्रज्ञांना २०१७ मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले. हे घड्याळ लावतो तो मुख्यतः उजेड. सकाळचे ऊन त्याला दिवस उगवल्याचे सांगते; संध्याकाळी अंधारले की मेंदूत मेलाटोनिन नावाचे द्रव्य वाढते आणि शरीर रात्रीच्या तयारीला लागते. वयाबरोबर हे घड्याळ थोडे पुढे सरकते, गाढ झोप घटते, मध्येच जाग येते. पण झोपेची गरज फारशी घटत नाही. पासष्टीनंतरही सात ते आठ तासांची झोप योग्य मानली जाते. झोपेच्या गोळीने वृद्धांचा तोल जाऊन पडण्याचा धोका वाढतो, म्हणून ती मनाने घेऊ नये. घोरताना श्वास अडकणे, रात्री वारंवार लघवीस उठावे लागणे, पायांची तळमळ, मनाची उदासी यांवर उपचार असतात. ती वयाची खूण म्हणून सोडून देऊ नयेत.

तेव्हा आईला रात्र मिळण्याआधी दिवस मिळणे जरूर होते. सकाळी गच्चीवर ऊन, भाजी निवडण्याचे काम तिच्याकडे, दुपारची डुलकी अर्ध्या तासाची, रविवारी मिस्सेनंतर समवयस्क बायांशी गप्पा आणि संध्याकाळी सातला गावाकडच्या बहिणीला फोन. ती आता रात्रभर झोपते असे आम्ही म्हणणार नाही. जाग येते, पण खिडकीशी न जाता ती कूस बदलून पुन्हा निजते.

हे दुःख आपल्याच प्रांताचे नाही. अमेरिकेने १९६५ मध्ये कायदा बदलला, तेव्हा कोरियातून पुष्कळ लोक तिकडे गेले आणि मागाहून त्यांचे वृद्ध आईवडीलही. मायदेशी खालून ऊब दिलेल्या जमिनीवर जाड गोधडी अंथरून निजणारी ही माणसे परक्या भाषेच्या शहरात म्हातारी झाली. त्यांची झोप, एकटेपणा आणि भाषेची अडचण यांचा संबंध अभ्यासक तपासत आले आहेत. झोपेची प्रत मोजण्यासाठी पिट्सबर्ग येथे तयार झालेली, १९८९ मध्ये प्रसिद्ध झालेली एक प्रश्नावली जगभर वापरली जाते. थंडी वाजते का, खोकला येतो का, वेदना होतात का, असे विचारत शेवटी ती ‘अन्य कारण असल्यास लिहा’ म्हणून जागा मोकळी सोडते.

आमच्या जिल्ह्यातल्या किती वृद्धांचे उत्तर त्या मोकळ्या जागेत मावेल? आईचे धाकटे भाऊ आणि भावजय साठीपुढेही कोयता धरतात. फडाजवळच्या कोपीत पाठ टेकते न टेकते तोच ट्रक येतो. मध्यरात्र असली तरी उठून भरायचा आणि पहाटेपूर्वी पुन्हा फडात उतरायचे. त्यांना ऊन भरपूर आहे, श्रमही भरपूर आहेत. त्यांच्या झोपेआड उचल उभी आहे. इकडे गावात त्यांच्या शेजारची आजी दोन नातवंडांना कुशीत घेऊन निजते, आणि दाराची कडी वाजली की उठून बसते. तिची झोप त्या मुलांच्या आईवडिलांबरोबर ऊसफडात गेलेली असते.

वाचकहो, आपल्या घरी वा वाड्यात परगावाहून आलेले एखादे म्हातारे माणूस असेल. ‘झोप लागली का?’ एवढेच विचारून थांबू नका. किती वाजता जाग आली आणि तेव्हा मनात काय आले, तेही विचारा. जिथे उत्तर उन्हाचे व सोबतीचे असेल, तिथे घर पुरे पडते. जिथे ते उचलीचे व मध्यरात्रीच्या ट्रकचे असेल, तिथे एका घराचे बळ अपुरे आहे. त्या वृद्धांना रात्रीची विश्रांती हक्काने मिळावी, यासाठी आपण सर्वांनीच बोलले पाहिजे.