दहा फेऱ्या, अठरा सेकंद

इंदूरला पाहुणे आले की आपण त्यांना राजवाडा दाखवतो, रात्री सराफ्यात नेतो आणि सकाळी पोहे-जिलबी खाऊ घालून गाडीत बसवून देतो. दुरुस्तीचं इंदूर मात्र कुणी कुणाला दाखवत नाही. जेल रोडवर कुठलंही यंत्र उघडून बसलेली पोरं, सियागंजातली हार्डवेअरची दुकानं आणि गल्लीबोळांतले लेथवाले, हेही आपलंच शहर. मागच्या दिवाळीत पुण्याहून घरी आलो, तेव्हा तीन दिवस मी याच इंदुरात हिंडत होतो. पिशवीत होतं एक रबरी चाक, जेमतेम पुरीएवढं.

रामबागेतलं आमचं जुनं घर आता बिल्डरकडे जाणार आहे. फ्लॅटमध्ये काय न्यायचं आणि अटाल्यात काय द्यायचं, याची वाटणी चालली होती. बाबांनी रेकॉर्ड प्लेयर स्वतःच्या हातानं अटाल्याच्या बाजूला ठेवला. मला धक्काच बसला. आजोबांनी घेतलेला हा विलायती यंत्रणेचा प्लेयर. १६, ३३, ४५ आणि ७८ अशा चार गतींचा. त्यावर बाबांनी आयुष्यभर एक रेकॉर्ड सर्वांत जास्त वाजवली: उस्ताद अमीर खाँसाहेबांची १९६० सालची, एका बाजूला मारवा आणि दुसऱ्या बाजूला दरबारी. खाँसाहेब आपल्या इंदूरचे, इंदूर घराण्याचे, त्यामुळे ती रेकॉर्ड आमच्याकडे देवघराच्या खालोखाल.

"हा का टाकताय, बाबा?"

"मशीन चांगलं आहे रे. माझे कान गेलेत. खाँसाहेबांचा सा पेटीवर जिथे लागायचा, तिथे आता लागत नाही. सगळं उतरलेलं ऐकू येतं."

वर्षभर त्यांनी रेकॉर्ड लावली नव्हती. मैफिलींनाही जाणं बंद केलं होतं, "सूर कळत नाही, तर पुढे बसून माना कशाला हलवायच्या?" आईला ते गुडघ्यांचं कारण सांगत.

माझा धंदा सॉफ्टवेअरचा. बिघाड नेमका कोणत्या बाजूला आहे ते आधी ठरवायचं, मग हात लावायचा, एवढंच आम्हाला शिकवलेलं असतं. म्हणून आधी कानांची परीक्षा घेतली. फोनवर तानपुरा लावला आणि त्यांना पेटीवर सा काढायला सांगितला. त्यांनी एका क्षणात अचूक पट्टी दाबली. सूर बदलून पाच वेळा लावला, पाचही वेळा बरोबर. म्हणजे संशय आता यंत्रावर.

३३⅓ फेऱ्या मिनिटाला, म्हणजे एका फेरीला १.८ सेकंद, दहा फेऱ्यांना १८ सेकंद, शंभर फेऱ्यांना बरोबर तीन मिनिटं. तबकडीच्या कडेला कागदाचा कपटा चिकटवला आणि मोबाइलचं घड्याळ लावून शंभर फेऱ्या मोजल्या. १९० सेकंद लागले. पाच टक्के गती कमी. पेटीच्या दोन शेजारच्या पट्ट्यांमध्ये साधारण सहा टक्क्यांचं अंतर असतं. म्हणजे सा जवळजवळ एक पट्टी खाली आला होता. बाबांना ऐकू येत होतं ते अगदी खरं होतं.

आकडा दाखवला, तेव्हा ते काही बोलले नाहीत. चष्मा काढून पुसला आणि कपट्याकडे बघत पुन्हा दहा फेऱ्या स्वतः मोजल्या.

पुढचा शोध सोपा होता. सुई ठेवली की गाण्याखाली हलकी 'थप थप' ऐकू यायची. मोजली, तर एका फेरीत पाच वेळा. दोष मोठ्या तबकडीत असता, तर फेरीला एकदाच आला असता. पाचदा येतो, म्हणजे तिच्या पाचव्या हिश्श्याएवढ्या चाकाचा. अशा प्लेयरमध्ये मोटरच्या पायऱ्या-पायऱ्यांच्या पुलीला आणि तबकडीच्या आतल्या कडेला एक रबरी चाक टेकलेलं असतं, तेच गती पोचवतं. तबकडी उचलली. चाकाची कड काचेसारखी गुळगुळीत झालेली, आणि एका जागी चपटी. गतीचा खटका ३३ वरच राहिल्यानं ते वर्षभर पुलीला दाबून बसलं होतं. शिवाय चाक बाजूला करून तबकडी हातानं फिरवली, तर अर्ध्या फेरीत थांबली. तिच्या दांड्यावरचं ग्रीस सुकून मेणासारखं झालं होतं. मोटर जुनं ग्रीस ओढत होती आणि चाक घसरत होतं. दोन्ही दोष मिळून पाच टक्के.

जेल रोडवर मोबाइलवाले सर्किट धुवायला जे आयसोप्रोपिल अल्कोहोल वापरतात, त्याची बाटली आणली. त्यानं दांडा आणि त्याची बैठक धुतली, नवं ग्रीस लावलं. मोटरच्या दोन्ही बुशांना शिलाई मशीनच्या तेलाचा एकेक थेंब. चाकासाठी मात्र छापखान्याच्या रोलरवर रबर चढवणारा कारागीर शोधावा लागला. चौकशी करत तिसऱ्या दिवशी पोचलो. त्यानं चाक बोटांत फिरवलं, नखानं रबर दाबून पाहिलं.

"भिया, साइज कित्ता रखना है?"

"साइज थोडा इधर-उधर चलेगा. गोल एकदम चाहिए, और रबर नरम."

तो चकित झाला. पण गणित तसंच आहे. मधल्या चाकाचा व्यास गतीच्या हिशेबातून उडून जातो. पुलीची कड जेवढी सरकते, तेवढीच तबकडीची कड सरकते. मधला फक्त निरोप पोचवतो. निरोप्या लहान की मोठा याला महत्त्व नाही, अडखळता कामा नये.

संध्याकाळी चाक बसवलं. शंभर फेऱ्या, १८० सेकंद. थप थप गेली.

दिवे लागायची वेळ, मारव्याचीच. बाबा पेटी घेऊन बसले. मारव्यात सा सहजासहजी हाती येत नाही, गवय्या तो दूर ठेवतो आणि ऐकणारा वाट पाहतो. बाबांचं बोट त्यांच्या ठरलेल्या पट्टीवर नुसतं टेकलेलं, भाता बंद. खाँसाहेब सा वर आले, तेव्हा त्यांनी हळूच भाता दाबला. दोन्ही सूर एकच होते. आई स्वयंपाकघरातून बाहेर येऊन दारात उभी राहिली.

प्लेयर नव्या घरी जातोय. तुमच्या घरी माळ्यावर असा एखादा असेल, तर अटालेवाल्याला हाक मारण्याआधी दहा फेऱ्या मोजा. अठरा सेकंदांहून जास्त लागले, तर ग्रीस आणि रबर तपासा. बहुतेक वेळा तिथेच सापडेल. वापर झाला की गतीचा खटका मधल्या मोकळ्या जागी आणून ठेवा, म्हणजे चाक चपटं होणार नाही. आणि घरातलं कुणी जुनं माणूस म्हणालं की सूर उतरलाय, तर आधी यंत्र मोजून बघा.

परवा बाबांचा फोन होता. मैफिलीचं तिकीट काढून ठेव म्हणाले, पुढच्या रांगेतलं.